‘पुसा’ हे बटण

लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागते. हा केवळ शिष्टाचार नाही. माझी सारी नोकरी राहुरीच्या एका ग्रंथालयात गेली. इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवणे, ती आपापल्या जागी उभी करणे आणि वाचकाने मागितली की काढून देणे, एवढाच माझा लेखनाशी संबंध. इतकी वर्षे चांगल्या लेखनाच्या शेजारी राहिलेल्या माणसाला स्वतः लेखणी उचलताना संकोच वाटावा हे योग्यच आहे. त्यात माझा विषय असा, की तो ऐकून कोणीही पान उलटावे: संकेतस्थळाच्या डेटाबेसमधील जुन्या नोंदी सुरक्षितपणे कशा काढून टाकाव्यात. या विषयावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि मी जाणकार नाही. परंतु त्या कामात माझ्या आयुष्यातला एक हिवाळा गेला, आणि त्या हिवाळ्याबद्दल मी कोणाशी बोललेले नाही. बोलायला कोणी नव्हते, असे म्हणणे अधिक खरे होईल.

मी भिंगारला राहते. वडील लष्कराच्या एका कार्यालयात मुलकी नोकरीत होते; ते गेल्यावर सरकारी घर सुटले, तेव्हा जुन्या बाजारापलीकडे दोन खोल्या घेतल्या, त्या आजतागायत. लग्न केले नाही. नोकरी होती तोवर राहुरीची बस पकडायची असे, त्यामुळे सकाळ भरलेली असे आणि संध्याकाळी थकवा सोबतीला असे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत माझ्या लक्षात आले, की सकाळी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’ असे म्हटल्यानंतर दिवसभर मला आवाजाची गरजच पडत नाही. कधी अचानक दाराशी कोणी आले तर पहिला शब्द घशात अडके आणि येणाऱ्याला वाटे, बाई आजारी आहेत.

अशा अवस्थेत मी नगरच्या एका संगणक वर्गात नाव घातले. आमच्या ग्रंथालयाची तालिका संगणकावर आली, तेव्हा बाहेरची माणसे येऊन ते काम उरकून गेली होती. आत नेमके काय चालते, हे विचारण्याचा धीर मला तेव्हा झाला नाही. ती उत्सुकता मागे राहिली होती. वर्गात आजूबाजूला नुकत्याच पदव्या घेतलेल्या मुली आणि मुलगे होते. ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी ठेवत. आदराने ठेवत असावेत. मी हळू शिकले. मात्र डेटाबेस म्हणजे काय, हे मला लवकर उमगले, कारण तो जुन्या तालिकेच्या खणांसारखाच असतो. प्रत्येक वस्तूचे एक पत्रक, प्रत्येक पत्रकाला एक क्रमांक, आणि एका पत्रकावरून दुसऱ्याकडे नेणारी एक खूण.

शेवगाव तालुक्याच्या पूर्वेकडे एका गावात ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्यांच्या मुलुखात जातात. मुले बरोबर गेली तर त्यांची शाळा बुडते, म्हणून हंगाम संपेपर्यंत ती येथे राहतात. तेथील अधीक्षिकेला सारे गाव ‘बाई’ म्हणते; त्या माझ्याहून बऱ्याच लहान असूनही मी तेच म्हणत आले. एका परिचिताकडून माझे नाव त्यांच्यापर्यंत गेले. वसतिगृहाचे एक साधेसे संकेतस्थळ होते. त्यावर त्यांना प्रत्येक मुलाचे खाजगी पान हवे होते, जे केवळ त्याच्या आईबापांना मोबाईलवर उघडता येईल. त्या पानावर बाई रोज एकदोन ओळी लिहिणार होत्या. पोटभर जेवला. सर्दी आहे. सातचा पाढा आला. उसाच्या फडावरून फोन लागेलच असे नसते, आणि लागला तरी सगळ्यांशी बोलायला बाईंना दिवस पुरत नसे.

मूळ संकेतस्थळाला हात न लावता त्याला जोडता येणाऱ्या अशा तुकड्याला प्लगइन म्हणतात. तो मी लिहिला. पहिल्यांदा तो चालला त्या दिवशी मी खोलीत उभी राहिले आणि हे कोणाला सांगावे याचा बराच वेळ विचार केला. शेवटी बाईंनाच फोन करून सांगितले. त्या म्हणाल्या, हो, दिसतंय की, आणि पोरांना वाढायचे आहे म्हणून फोन ठेवला.

पहिले दोन हंगाम तो निर्वेध चालला. मग नोंदी साचल्या. पान उघडायला वेळ लागू लागला. फडावर मोबाईलची रेंज आधीच जेमतेम, त्यात ही भर. जुन्या नोंदी काढून टाकणे आवश्यक झाले. मला त्या काढाव्याशा वाटत होत्या त्याचे आणखीही एक कारण होते. त्यांत कोणी अंथरूण ओले केल्याचे, कोणाच्या डोक्यात उवा झाल्याचे, कोणी घरची आठवण येऊन रडल्याचे लिहिलेले असे. ती मुले उद्या मोठी होणार. त्यांच्या लहानपणीच्या अशा गोष्टी कुठल्यातरी यंत्रात कायम पडून राहाव्यात, हे मला बरे वाटेना. म्हणून मी ठरवले, की वसतिगृह सोडून गेलेल्या मुलांच्या नोंदी काढायच्या, आणि चालू हंगामातही एखाद्या आईबापाला एखादी ओळ नकोशी वाटली, तर ती काढायला सांगण्याचा अधिकार त्यांच्या हाती द्यायचा.

नोंद काढणे वाटते तितके सोपे नसते. आमच्या ग्रंथालयात एखादे पुस्तक संग्रहातून कायमचे कमी करण्याला ‘निर्लेखन’ हा भारदस्त शब्द होता, आणि यादीत नाव आले तरी फळीपाशी जाऊन, पुस्तक हातात घेऊन पाहिल्याखेरीज मी सही करीत नसे. तीच सवय येथे उपयोगी पडली. नोंद प्रथम नुसती बाजूला काढायची, एका टोपलीत. ती पानावरून दिसेनाशी होते, परंतु नष्ट होत नाही. तेथे ती महिनाभर राहते. मग एक रंगीत तालीम घ्यायची: प्लगइनने प्रत्यक्ष काहीही न पुसता, आपण काय काय पुसणार आहोत ते नुसते दाखवायचे. ते पाहून झाल्यावरच खरे काम, तेही थोड्याथोड्या नोंदी घेऊन, म्हणजे सर्व्हरचा श्वास कोंडत नाही. शिवाय क्रम सांभाळावा लागतो. मुलाची मुख्य नोंद आधी काढली, तर तिच्याशी जोडलेल्या रोजच्या ओळी मालकाविना लोंबकळत राहतात. या धंद्यात मुख्य नोंदीला पालक म्हणतात, तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदीला अपत्य, आणि पालक नाहीसा झालेल्या नोंदीला अनाथ. वर्गात हे शब्द शिकताना काही वाटले नव्हते. त्या वसतिगृहासाठी काम करताना मात्र मी माझ्या टिपणात ‘अनाथ’ ऐवजी ‘सुटलेल्या नोंदी’ असे लिहू लागले.

शेवटची पायरी मी यंत्रावर सोपवली नव्हती. एकदा पुसलेले परत आणण्याची सोय आमच्या छोट्याशा सर्व्हरवर जवळपास नव्हतीच.

आता बटणाचा प्रश्न. आईबापांच्या पानावर रोजच्या ओळीखाली एक बटण हवे होते. ‘निर्लेखन’ अर्थातच नको. ‘डिलीट’ मला शोभेना, आणि ते इंग्रजी अक्षरांविना परके दिसे. शाळेची पायरी चढलेल्या कोणालाही कळेल असा शब्द मी शोधत होते, आणि तो सापडल्याचा आनंदही मला झाला. पाटी पुसा, फळा पुसा. मी बटणावर ‘पुसा’ असे लिहिले. चुकून बोट लागू नये म्हणून, ते दाबताच प्रश्न येई: ‘नक्की पुसायचे आहे का?’ ‘होय’ म्हटले, की ओळ टोपलीत जाई आणि पडद्यावर येई: ‘आपली विनंती मिळाली. महिन्याभरात कार्यवाही होईल.’ हे सारे मी बाईंना दाखवले, त्यांनी चालवून पाहिले, आणि तिसऱ्या हंगामाच्या आरंभी ते सुरू झाले.

थंडी पडली तेव्हा मी पहिली रंगीत तालीम घेतली. जुन्या मुलांच्या नोंदी अपेक्षेप्रमाणे आल्या. त्यांच्याखाली चालू हंगामातील काही ओळी होत्या, आईबापांनी काढायला सांगितलेल्या. इतर मुलांच्या क्वचित एखादी. परंतु एका मुलीची जवळजवळ प्रत्येक दिवसाची ओळ तेथे होती. ती तिसरीत होती. ‘खालचा दात पडला. रडली नाही.’ ‘रात्री खोकली, काढा दिला.’ ‘आज वेणी स्वतः घातली.’ ‘एकच भाकरी खाल्ली.’ बाई लिहीत, आई वाचे, आणि वाचून होताच ती ओळ पुसायला सांगे. रोजच्या रोज.

कोणती आई आपल्या मुलीच्या दाताची बातमी पुसून टाकते, हे मला कळेना. मग वाटले, कळते. मीही एकदा मोबाईलमधून एक क्रमांक काढून टाकला होता. त्या माणसाचा राग आला होता म्हणून नव्हे, तर तो दिसला की पुढची सारी संध्याकाळ जात असे म्हणून. लेक इतक्या दूर असताना तिची एकेक ओळ सोसवत नसेल, तर ती पुसून पुन्हा कोयता उचलणे मी समजू शकत होते. पण माझी समजूत चुकीची असली तर? महिन्याची मुदत पहिल्या ओळींपाशी येऊन ठेपली होती. मी काम पूर्ण केले असते, तर त्या मुलीचा सारा हिवाळा नाहीसा झाला असता, आणि तिच्या आईजवळ त्या दिवसांचे दुसरे काहीही नव्हते.

मी बाईंना फोन केला. फोनवर बोलणे मला साधत नाही. काय बोलायचे ते आधी लिहून घेते. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, आईनेच सांगितले आहे ना, मग टाका पुसून. कोणाकोणाला लिहिलेले आवडत नाही. कोणाला वाटते, पोर खोकते असे लिहिले म्हणजे उद्या त्याचे काहीतरी निघेल. मी म्हटले, दाताचेही?

“मॅडम, हक्क हक्क तुम्हीच करत होतात,” त्या म्हणाल्या. “आता एकीनं बजावला तर तुम्हालाच कसंतरी होतंय.”

त्यांनी मग तिचा क्रमांक देऊ केला, की तुम्हीच विचारून घ्या. मी म्हटले, मला ओळखत नाही ती. मी प्रत्यक्ष येते, आपण दोघी मिळून विचारू.

“एका फोनसाठी शेवगाव गाठणार? अहो, फोन काय चावतोय का?”

मी गेले. नगरहून शेवगावची एस.टी., तेथून पुढे माणसे भरली की निघणारी जीप. कापूस वेचून झालेली शेते उघडी पडली होती, तुरीच्या शेंगा वाळत होत्या, आणि मधल्या गावांतून निम्म्या घरांना कुलपे होती. जीपमध्ये माझ्या शेजारच्या बाईने विचारले, कोणाकडे निघालात. मी वसतिगृहाचे नाव सांगितले. ‘नात हाय का तिथं?’ असे तिने विचारले, तेव्हा नाही म्हणून मी बाहेर पाहू लागले. पुढे तिने काही विचारले नाही.

वसतिगृहात पोहोचले तेव्हा मुले शाळेला निघण्याच्या गडबडीत होती. बाईंनी ती मुलगी दुरून दाखवली. सावळी, काटक, दोन वेण्या. एक जरा वर, एक खाली. मी तिच्याकडे पाहते आहे हे तिच्या ध्यानात आले आणि ती सरळ माझ्यापाशी आली.

“तुमी कुनाच्या?”

कोणाची आजी, असे तिला विचारायचे होते. मी म्हटले, कोणाचीच नाही, मी कामासाठी आले आहे. तिने मान डोलावली, जणू असेही लोक असतात हे तिला ठाऊक होते, आणि दप्तर सावरत निघून गेली.

दुपारी गाडी भरून झाली की फडावर जरा उसंत असते. तेव्हा बाईंनी मुलीच्या आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे ट्रॅक्टर सुरू होता. तिकडून पहिले वाक्य आले ते मुलगी बरी आहे ना, हे. बरी आहे, शाळेत गेली आहे, असे बाईंनी सांगितले. मग त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले.

“तू मोबाईलवर ते ‘पुसा’ दाबतेस का गं?”

“दाबते की. येक दिस सोडला न्हाई.”

“पण का दाबतेस?”

ट्रॅक्टरच्या आवाजावर तिने स्वर चढवला.

“का म्हंजी? आईनं पुसायचं न्हाई तर कुनी पुसायचं?”

बाईंना अजून अर्थ लागला नव्हता. त्यांनी कपाळाला आठी घातली. मला मात्र तो लागला होता. ती पुढे बोलतच होती, थोडी रागाने, थोडी लाजून. “दात पडला म्हून लिवलं तुमी. कंचा पडला, रगत लई गेलं का, म्हून पुसलं. खोकली म्हून लिवलं, ऱ्हायला का खोकला, म्हून पुसलं. मोबाईल इचारतो, नक्की पुसायचंय का. व्हय म्हनलं. मग म्हनतो, महिन्यात कार्यवाही व्हईल. आमचं मालक म्हनत्यात, बाईस्नी पन्नास पोरं, तू सारखी पुसू नको. तवा दोन दिस हात आवरला. पुन्यांदा पुसलं.”

आता बाईंना उमगले. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि खांदे हलू लागले. मग ते हलायचे थांबले आणि पदर तसाच राहिला. नंतर त्या मला म्हणाल्या, की त्यांच्या सासरी सगळे असेच बोलतात, त्याला पुसून ये, तिला पुसून बघ. रोज कानावर पडणारा शब्द. पण संगणकावर लिहिलेला दिसला, तेव्हा तो शाळेतलाच वाटला. पुसणे म्हणजे विचारणे, हा अर्थ मलाही ठाऊक होता. जुन्या ग्रंथांत तो पानोपानी येतो आणि त्यांच्या शब्दकोशांवर मीच क्रमांक घातले होते. तो अर्थ पुस्तकांत उरला आहे, अशी माझी समजूत होती.

प्रत्येक ओळ वाचून आईने बटण दाबले, की ती तिच्या डोळ्यांसमोरून नाहीशी होत होती, आणि तिला वाटत होते, की आपला प्रश्न घेऊन ती बाईंकडे गेली. इतर आईबापांनीही बहुधा असेच एकदा पुसले होते. उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी नाद सोडला. हिने सोडला नव्हता, एवढ्याचमुळे ते माझ्या ध्यानात आले.

मी बाईंच्या टेबलाशी बसले, संगणक उघडला आणि तिच्या मुलीच्या ओळी टोपलीतून काढून जागच्या जागी ठेवू लागले. सगळ्या एकदम परत आणता आल्या असत्या. मी एकेक आणली. ओळ परत आली की मी ती मोठ्याने वाची, तिकडून आई जे विचारायचे ते विचारी, आणि बाई उत्तर देत. दात खालचा, डावीकडचा, रक्त थोडेसेच. खोकला चार दिवस होता, मग गेला. एकच भाकरी खाल्ली त्या दिवशी भाजी कारल्याची होती. येथे आई हसली. ‘माज्यावर गेली,’ असे म्हणाली. वेणीपाशी ती थांबली आणि तिने वाक्य दुसऱ्यांदा वाचायला लावले. मी वाचले. त्यावर तिने काही पुसले नाही.

शेवटच्या काही ओळी राहिल्या असताना तिकडे कोणीतरी हाक मारली, गाडी निघाली होती, आणि फोन बंद झाला. ओळी तशाच मी पूर्ण केल्या. बाईंनी जेवूनच जा म्हटले. मुलांच्या पंगतीत बसले. परतीच्या जीपमध्ये जागा मिळाली ती मागच्या बाजूला, आणि भिंगारला पोहोचेपर्यंत मी कोणाशी बोलले नाही, तरी त्या दिवशी पुरेसे बोलले होते.

पुढच्याच आठवड्यात मी प्लगइन दुरुस्त केला. पुसण्याची विनंती वेगळ्या पानावर नेली आणि तिचे बटण ‘ही ओळ कायमची काढून टाका’ असे पाच शब्दांचे केले. दिसायला ते कुरूप आहे. रोजच्या ओळीखाली नवे बटण आले. त्यावर मी ‘विचारा’ लिहिले. बाई म्हणाल्या, ‘इचारा’ लिहा मॅडम, लगेच सापडेल. त्या थट्टा करीत होत्या की नाही, हे मला अजून कळलेले नाही. ते दाबले, की बोलता येते. आईबाप बोलतात, प्लगइन त्याची अक्षरे करतो आणि प्रश्न बाईंकडे जातो.

एक गोष्ट मी तात्पुरती म्हणून ठेवली. सारे नीट पोहोचते आहे ना, हे तपासता यावे म्हणून प्रत्येक प्रश्नाची प्रत माझ्याही मोबाईलवर येऊ दिली. तपासणीला दोन दिवस पुरेसे होते. ती व्यवस्था मी हंगाम संपेपर्यंत बंद केली नाही.

फडावर सकाळ लवकर होते. मी चहा ठेवीत असताना मोबाईल वाजे. ‘उठली का?’ मग केर काढून होईतो दुसरा. ‘थंडी लई हाय, स्वेटर घातला का?’ दुपारी जेवायला बसले की, ‘जेवली का?’ त्या एका आईचे प्रश्न मी भाषेवरून ओळखू लागले. तिचे सर्वांत जास्त असत आणि एकाच दिवशी दोनदा तेच विचारायला तिला संकोच नव्हता. उत्तर देणे माझे काम नव्हते, ते बाई देत. मी फक्त ऐकत असे. एकदा मला ताप होता, उठवत नव्हते, आणि उशाशी मोबाईल उजळला. ‘आज बरं वाटतं का?’ कोणा मुलाला आदल्या दिवशी ताप होता. मी तो प्रश्न पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग उठून पेज करून घेतली.

हंगाम संपला. ऊन तापू लागले, कारखान्यांची धुराडी थंड झाली, आईबाप परत आले आणि मुलांना घेऊन गेले. माझा मोबाईल पूर्वीसारखा झाला. सवयीने मी काही दिवस तो हाताशी ठेवी.

आता त्या हंगामातील विचारपुशीच्या नोंदी डेटाबेसमध्ये आहेत. सगळ्यांना उत्तरे मिळालेली आहेत. त्यांचे काम संपलेले आहे. मुलांच्या नोंदी काढण्याचा जो नियम मी केला, तोच यांनाही लागू होतो, कारण त्यांतही कोण आजारी होते, कोण रडले, हे सारे आहे. मी बाईंकरवी त्या आईला विचारले होते, की तुझे प्रश्न आणि उत्तरे जपून ठेवावीत असे तुला वाटते का. बाईंनी तिचे उत्तर जसेच्या तसे कळवले. ‘आता पोर घरी हाय. आता काय करायचंय ते ठिवून?’

अतिशय योग्य उत्तर आहे. रंगीत तालीम झाली आहे, यादी मी तपासली आहे, क्रमही बरोबर आहे. एकही सुटलेली नोंद मागे राहणार नाही. फक्त शेवटचे बटण दाबायचे आहे आणि ते माझ्या पडद्यावर आहे. ते प्रश्न ज्यांनी विचारले त्यांना ते नको आहेत, ज्यांच्याबद्दल विचारले त्यांच्या भल्यासाठी ते राहू नयेत, आणि मला तर ते कोणी विचारलेलेच नव्हते. आपण माझ्या जागी असता, तर ते बटण दाबले असते का?